कमरेवरील जुना व्रण आणि प्रतिमा-तपासणी

वरवट बकाल परिसरातील वृद्ध शेतकरी आजही धोतर नेसतात. स्त्रियांच्या परकराची नाडी रोज त्याच जागी आवळली जाते. कमरेवर काळा पट्टा, खाज, भेगा अशी तक्रार घेऊन येणाऱ्यास आपण सारेच मलम देतो. याच जागी उद्भवणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी यांनी १९४५ साली केले. 'धोतर कर्करोग' हे नाव तेव्हाचे. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तो नोंदला गेला.

आमच्याकडील एका वृद्धेचा असाच व्रण दुष्टव्रण समजून आम्ही चार महिने धावन व जात्यादि तेलाचा पिचू चालविला. कडा उंचावून कठीण झाल्या तेव्हा कोठे शंका आली. तुकड्याच्या तपासणीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला. ते चार महिने आमच्याच हिशेबी जमा आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे वाटते. त्वचेच्या कर्करोगाचे निदान तुकड्यावरूनच होते, सोनोग्राफीने वा स्कॅनने नव्हे. प्रतिमेने कळते ती व्याप्ती. लहान, वरवरच्या व्रणास बहुधा तिची गरजही पडत नाही. मात्र कमरेची गोष्ट निराळी. नाभीच्या वरच्या त्वचेची लसिका बगलेकडे व खालची जांघेकडे वाहते. कमर ही जणू पाणलोटाची धार. म्हणून दोन्ही ठिकाणच्या ग्रंथी पाहाव्या लागतात. निरोगी ग्रंथी सोनोग्राफीत लांबट दिसते व तिचा मध्य पांढरट असतो. रोगाने व्यापलेली ग्रंथी गोल होते, तो मध्य लोपतो. परंतु जंतुसंसर्गानेही ग्रंथी वाढते, यास्तव संशयित ग्रंथीतील पेशी सुईने काढून तपासाव्यात. व्रण खालच्या मांसास चिकटला असेल तर एमआरआय, अस्थीची शंका असेल तर सीटी स्कॅन. पेट-सीटीचा आग्रह रोगी स्वतःच धरू लागले आहेत. तो निर्णय कर्करोगतज्ज्ञांवर सोपवावा.

सदर वृद्धेच्या बगला निर्दोष होत्या, जांघेत मात्र दोन गोल ग्रंथी सापडल्या. सुईच्या तपासणीत रोग सिद्ध झाला आणि शस्त्रक्रियेची आखणी त्यानुसार बदलली. सुश्रुताचार्यांनी द्विरर्बुद सांगितले आहे. ते हेच, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो.

तुकडा घेण्यापूर्वी अशा व्रणावर क्षार किंवा अग्निकर्म करू नये. कडा जळून जाते, दाहाने ग्रंथी सुजतात आणि पुढची सोनोग्राफी वाचणे अवघड होते. औषधविक्रेत्या बंधूंनीही एकाच डागासाठी पुन्हा पुन्हा मलम मागणाऱ्यास तिसरी ट्यूब न देता वैद्याकडे धाडावे.