दंतघर्षण आणि निद्रेतील श्वासावरोध

झोपेत दात खाण्याची तक्रार आली की बालकास जंतांचे औषध द्यावे व प्रौढास दंतवैद्याकडे पाठवावे, हा परिपाठ सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि या लक्षणात रुग्णाच्या निद्रेतील श्वासाचाही विचार अगत्याचा आहे.

निद्रेत चर्वणपेशींचे लयबद्ध आकुंचन बहुधा क्षणिक जागृतीच्या पाठोपाठ होते. श्वासमार्ग संकुचित होऊन श्वास अडला की अशी जागृती वारंवार येते. मात्र प्रत्येक दंतघर्षणामागे श्वासावरोध नसतो. मानसिक ताण, मद्य, धूम्रपान व काही नैराश्यनाशक औषधे यांचाही संबंध आढळतो.

माधवनिदानात मेदोरोगाच्या लक्षणांत क्षुद्रश्वास व अतिनिद्रेसह ‘क्रथन’ येते. अकस्मात श्वास अडणे, हा त्याचा टीकासंमत अर्थ होय.

म्हणून प्रश्नपरीक्षेत शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीस विचारावे : रुग्ण घोरतो काय? श्वास मध्येच थांबून धापेसह पुन्हा सुरू होतो काय? रुग्णास प्रातःकाळी शिरःशूल व मुखशोष, दिवसा पेंग, रक्तदाबवृद्धी आहे काय? बालकात तोंडाने श्वास घेणे, टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइडची वृद्धी पाहावी.

लक्षणे जुळल्यास निद्रापरीक्षण करवावे. प्रौढात किमान १० सेकंदांचे श्वासरोध वा श्वासमांद्य तासाला ५ वा अधिक वेळा आढळल्यास ते विकृत समजतात. दातांवरील आवरण झीज रोखते, श्वासमार्ग मोकळा करीत नाही. निदानापूर्वी निद्राजनक औषध देणे टाळावे; त्याने श्वासावरोध बळावू शकतो.