स्टाफ कुणाच्या गँगमध्ये खेळतो?

रोलप्ले सर्व्हरवर, म्हणजे जिथे प्रत्येक जण एक कॅरेक्टर होऊन खेळातल्या शहरात जगतो तिथे, नव्याने येणारी मुलं विचारतात, गाड्या कोणत्या आहेत, एका वेळी किती जण ऑनलाइन असतात. मी त्यांना सांगतो, स्टाफमधली, म्हणजे नियम पाळले जातात का ते पाहणारी माणसं कोणत्या गँगमध्ये खेळतात, ते आधी विचारा.

'जीटीए फाइव्ह' हा २०१३ चा गेम. 'फाइव्हएम'मुळे त्यावर कुणालाही स्वतःचा सर्व्हर काढून आपलं शहर वसवता येतं. मी एका भारतीय सर्व्हरवर मेकॅनिक होतो. रात्री जेवणं आटोपली की हेडफोन लावून गॅरेज उघडायचो. गाडी दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक तासभर गप्पा मारत बसायचं. सुरुवातीचा स्टाफ कडक होता, पण सरळ होता. पुढे गर्दी वाढली, मालकाने नवे मॉडरेटर नेमले ते ओळखीतलेच, आणि त्यातले बहुतेक एकाच गँगचे निघाले.

एका रात्री त्या गँगने गॅरेज लुटलं. पैसे कुठे ठेवतो हे माझ्या कॅरेक्टरने शहरात कुणालाही सांगितलं नव्हतं. मी ते डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅनेलवर मित्राशी बोललो होतो आणि त्यांचा एक मॉडरेटर तिथे बसून होता. खेळाबाहेर कळलेली गोष्ट खेळात वापरणं म्हणजे मेटागेमिंग. त्यासाठी नियमावलीत बॅनची शिक्षा लिहिलेली होती. मी रेकॉर्डिंगची क्लिप जोडून स्टाफकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. काही मिनिटांत ते बंद झालं, शेरा एकच: 'आरपीमध्येच सोडवा', म्हणजे खेळातच निपटा. बंद करणाऱ्याचं नाव पाहिलं, तर लुटीच्या वेळी गाडी तोच चालवत होता.

थोड्याच दिवसांत माझ्या हाताखाली काम शिकणाऱ्या नागपूरच्या मुलाला आठवड्याचा बॅन बसला. समोर बंदूक रोखलेली असताना तो पळाला, म्हणजे कॅरेक्टरला जिवाची भीती वाटल्यासारखं वागला नाही, हा त्याचा गुन्हा. त्याच्याकडे क्लिप मागितली नाही, बाजूही ऐकून घेतली नाही. तो परत आलाच नाही. त्याच्यामागे एकेक करत डॉक्टर, टॅक्सीवाले, वकील, अशी साधी कॅरेक्टर्स करणारी माणसं गळाली. त्यांच्याशिवाय गँगलाही लुटायला कुणी उरत नाही, हे मालकाला दिसायला हवं होतं.

हा रोग फक्त छोट्या सर्व्हरचा नाही. आइसलंडच्या सीसीपी कंपनीच्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये २००७ साली उघड झालं की तिथल्या एका डेव्हलपरने तो स्वतः खेळत असलेल्या, 'बँड ऑफ ब्रदर्स' नावाच्या बलाढ्य गटाला दुर्मीळ ब्लूप्रिंट्स पुरवल्या होत्या. इतर खेळाडूंना तशा ब्लूप्रिंट्स लॉटरीतून मिळायच्या. खेळाडू खवळले. कंपनीने कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारा स्वतंत्र विभाग काढला आणि २००८ मध्ये खेळाडूंनीच मतदानाने निवडलेली परिषद सुरू केली. मला यातली दुसरी गोष्ट फार मोलाची वाटते.

म्हणून सर्व्हर निवडताना थेट विचारा, 'तुमच्या स्टाफपैकी कुणाला कधी बॅन झालाय का?' प्रामाणिक टीम उदाहरण देते. जिथे हा प्रश्न विचारल्यावरच तुम्हाला 'टॉक्सिक' ठरवतात, तिथे व्हाइटलिस्टचा, म्हणजे प्रवेशाचा फॉर्म भरू नका. प्रायोरिटीचे, म्हणजे प्रवेशाच्या रांगेत पुढे जाण्याचे पैसे एकदम काही महिन्यांचे भरू नका. अशा सर्व्हरवर बॅन झाल्यावर ते परत मिळणं कठीण. रेकॉर्डिंग नेहमी चालू ठेवा. सर्व्हरचे लॉग त्यांच्या ताब्यात असतात, तुमच्या ताब्यात फक्त तुमची क्लिप. अन्याय झाला तर जनरल चॅटवर भांडू नका, त्याच भांडणाचा स्क्रीनशॉट पुढे तुमच्याविरुद्ध लावला जातो. तिकिटात तारीख, वेळ, नियमाचा क्रमांक लिहा आणि त्या प्रसंगात नसलेल्या माणसाकडे निर्णय मागा. तो मिळाला नाही, तर तुमचा ग्रुप घेऊन निघा. एकेकट्याने सोडलं की माणसं गेमच सोडतात, आणि ते मला सगळ्यात जास्त लागतं.

सर्व्हर चालवणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. जो प्रसंगात होता, त्याने त्या प्रसंगाचं तिकीट उघडायचंच नाही. अ‍ॅडमिन मेनूतून कुणाला काय दिलं, त्याची नोंद सगळ्यांना दिसू द्या. गॅरेजवरची आमची मंडळी आता जिथे खेळते, तिथे हे दोन्ही नियम आहेत, आणि मागच्याच महिन्यात तिथल्या एका मॉडरेटरला मेटागेमिंगसाठी तीन दिवस बाहेर बसावं लागलं.