गोळ्यांचा हिशेब आधी, पिस्तूल नंतर

माँटानातल्या बोझमनमध्ये राहायला आल्यापासून आपल्या माणसांचा एक प्रश्न माझ्या कानावर सारखा येतो. ग्रीन कार्ड हातात आलेलं असतं, यलोस्टोनच्या आसपासच्या डोंगरांत भटकायचा नाद लागलेला असतो, कुणीतरी ग्रिझली अस्वलाची गोष्ट सांगितलेली असते. मग फोन येतो, "काका, अस्वलाला पुरेल असं पिस्तूल कोणतं घेऊ?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधीचा प्रश्न मला क्वचितच कुणी विचारतं: त्या पिस्तुलाची काडतुसं महिन्यामागून महिने विकत घेणं मला झेपेल का?

मी .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर बरीच वर्षं चालवलं आहे. पहिल्या वर्षातच काडतुसांचा खर्च रिव्हॉल्व्हरच्या किमतीच्या पुढे गेला. त्यात वायफळ काही नव्हतं, होता तो फक्त सराव. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

.४४ मॅग्नमचं श्रेय आयडाहोतला पशुपालक आणि शस्त्रलेखक एल्मर कीथ याला दिलं जातं. जुन्या .४४ स्पेशलमध्ये जास्त दारू भरून तो वर्षानुवर्षं प्रयोग करत होता. त्यातून १९५५ च्या सुमारास स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी हे काडतूस बाजारात आणलं. १९७१ मध्ये क्लिंट ईस्टवुडच्या 'डर्टी हॅरी'त ते झळकलं आणि शिकारीशी काही संबंध नसलेल्या लोकांनाही ते हवंसं झालं. २४० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रॅमची गोळी. साध्या ९ एमएमच्या गोळीत ढोबळमानाने पाचशे ज्यूल ऊर्जा असते, .३५७ मॅग्नममध्ये साडेसातशेच्या आसपास आणि .४४ मध्ये बाराशेच्या घरात. .४५४ कॅसुल त्याच्याही दुप्पट. आकडे वाचताना वाटतं, जितकं मोठं तितकं बरं. पण जी ताकद गोळीबरोबर पुढे जाते, तिचा धक्का मागे तुमच्या मनगटालाही बसतो.

आता भाव. दुकानागणिक फरक पडतो, पण गेल्या काही वर्षांचा अंदाज असा: ९ एमएमचं सरावाचं काडतूस पंचवीस-तीस सेंटला, .३८ स्पेशल पंचेचाळीस-पन्नासला, .३५७ मॅग्नम साठ-सत्तरला, .४४ मॅग्नम एका डॉलरच्या आगेमागे. .४५४ दोन डॉलरच्या आसपास आणि .५०० स्मिथ अँड वेसन त्याहून महाग. महिन्यातून दोनदा रेंजवर जाऊन प्रत्येक वेळी पन्नास गोळ्या झाडल्या, तर वर्षाला बाराशे गोळ्या होतात. ९ एमएमवर हा खर्च तीनशे ते तीनशे साठ डॉलर राहतो, .४४ वर बाराशेच्या घरात जातो आणि .४५४ वर अडीच हजारांकडे सरकतो. शिवाय डोंगरात न्यायच्या कडक शिशाच्या, खोल घुसणाऱ्या गोळ्या सरावाच्या गोळ्यांपेक्षा महाग. २०२० आणि २०२१ मध्ये काडतुसांचा दुष्काळ पडला, तेव्हा तर पैसे मोजूनही अनेक प्रकार मिळत नव्हते.

महाग काडतुसाचा खरा तोटा मात्र बँकेच्या खात्यात दिसत नाही, तो नेमात दिसतो. माझ्या एका स्नेह्याने दुकानातल्या विक्रेत्याच्या सांगण्यावरून .४५४ चं रिव्हॉल्व्हर घेतलं. विक्रेत्याने अस्वलाचं वजन सांगितलं, पण काडतुसाच्या वीस नगांच्या डब्याची किंमत सांगितली नाही. पहिल्या डब्यानंतर स्नेह्याची तर्जनी आणि अंगठा यांमधली कातडी सोलली गेली होती. दुसरा डबा त्याने महिनोनमहिने पुरवून वापरला. मी त्याच्याबरोबर रेंजवर गेलो आणि एक जुनी परीक्षा घेतली. सिलिंडरमध्ये काही घरांत जिवंत काडतुसं आणि काही घरांत झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या भरल्या, कुठल्या घरात काय आहे हे त्याला कळू दिलं नाही. घोडा पुंगळीवर पडला, बार झालाच नाही, तरी नळीचं तोंड झटक्यात खाली गेलं. हात धक्क्याच्या आधीच दचकत होता. असा दचकलेला नेम सात मीटरवरच्या थाळीएवढ्या निशाण्यालाही चुकतो, मग अंगावर धावून येणाऱ्या जनावराची गोष्टच सोडा. ही सवय मोडायला कमी धक्क्याच्या भरपूर गोळ्या झाडाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच त्याच्याकडे नव्हत्या.

अशा वेळी रेंजवर एक सल्ला हमखास मिळतो: मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याचं धाकटं काडतूस चालतं, ते वापरा. सल्ला खरा आहे. .३५७ मध्ये .३८ स्पेशल चालतं, .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल, .४५४ मध्ये १८७३ पासून चालत आलेलं .४५ कोल्ट. पण खिशाला दिलासा मिळतो तो मुख्यतः पहिल्या जोडीत. .३८ स्पेशल भरपूर बनतं, म्हणून स्वस्त. .४४ स्पेशल कमी बनतं, त्यामुळे पुष्कळदा ते .४४ मॅग्नमइतकंच किंवा त्याहून महाग पडतं. धक्का कमी होतो, खर्च होत नाही. .४५ कोल्टचीही तीच गत. माझ्या मते एकच हातशस्त्र ठेवायचं तर .३५७ चं, चार इंची नळीचं, पोलादी आणि जरा जड रिव्हॉल्व्हर सर्वांत शहाणपणाचं, ते याच कारणामुळे. आठवड्याचा सराव .३८ वर करावा आणि शेवटच्या दोन फेऱ्या .३५७ च्या झाडाव्यात. लहान काडतुसामुळे सिलिंडरच्या घरांत काजळीचं कडं धरतं, तेवढं मात्र ब्रशने साफ करायचं. हलक्या धातूची मॅग्नम रिव्हॉल्व्हरं खांद्यावर छान वाटतात, हातात नाही. काहींत तर धक्क्याने न झाडलेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर अडकतं.

१० एमएम ऑटोची चौकशी हल्ली वाढली आहे. १९८३ चं हे काडतूस, शस्त्रलेखक जेफ कूपर यांच्या कल्पनेतून आलेलं. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत झालेल्या एका चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, त्यानंतर एफबीआयने जास्त ताकदीचं काडतूस शोधलं आणि १० एमएम घेतलं. पण पूर्ण ताकदीचं काडतूस सर्व एजंटांना पेलणारं नव्हतं. दारू कमी केली, त्यातून १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन जन्मलं आणि पुढे एफबीआय ९ एमएमवर परत आलं. पगारी प्रशिक्षक आणि सरकारी काडतुसं असलेल्या संस्थेचा हा अनुभव आहे. आपण स्वतःच्या पगारातून काडतुसं घेणारी माणसं. १० एमएम घ्यायचंच असेल तर एवढं ध्यानात ठेवा की दुकानातलं स्वस्त १० एमएम बहुधा सौम्य असतं. ज्या ताकदीसाठी तुम्ही ते निवडता, ती महागड्या डब्यात असते.

खर्च कमी करायचा एक पक्का मार्ग म्हणजे पुंगळ्या घरी पुन्हा भरणं. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या इकडेतिकडे उडत नाहीत, सरळ भिंतीच्या असतात आणि अनेकदा भरता येतात. मी भरतो. .४४ चा खर्च त्यामुळे निम्म्यावर आला, पण साधनांना आधी तीन-चारशे डॉलर मोजावे लागले, आणि संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून एकट्याने करायचं हे काम आहे. मोठ्या पुंगळीत हलक्या भाराची दारू थोडीशीच जागा व्यापते. ती चुकून दोनदा पडली तर वरून सहज दिसत नाही आणि शस्त्र हातात फुटू शकतं. प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून पाहिल्याशिवाय गोळी बसवायची नाही, हा माझा नियम. घरात लहान मुलं असतील तर दारू आणि प्रायमर कुलपात.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी सांगायला हवी होती. अस्वलासाठी पहिलं साधन म्हणजे मिरचीचा फवारा. अलास्कातल्या घटनांवर स्मिथ आणि हेरेरो या अस्वल-संशोधकांचा जो अभ्यास २००८ मध्ये आला, त्यात फवाऱ्याने नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा तपकिरी अस्वलाला थांबवलं होतं. पन्नास डॉलरच्या आसपास डबा मिळतो आणि सराव थोडक्यात होतो. यलोस्टोन उद्यानात २०१० पासून राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र जवळ बाळगता येतं, पण ते झाडण्याला मनाई आहे. पिस्तूल घेतलं तरी फवारा कमरेला हवाच.

आणि कायदा. भारतात .३८ आणि ९ एमएम हे निषिद्ध बोअर, सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाहीत. त्यामुळे इथली दुकानं पाहून डोळे दिपतात. पण एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्याला वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू नसेल, तर शस्त्रच काय, काडतूस बाळगणंही संघीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राबरोबर रेंजवर जाण्याआधीही वकिलाला विचारून घ्या. रेंजवर नेलेली पाठपिशवी घेऊन भारतात जाऊ नका. तळाशी राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं, तर शस्त्र कायद्याखाली चौकशीला सामोरं जावं लागतं.

तेव्हा दुकानात गेलात की काचेखालच्या पिस्तुलाकडे जाण्याआधी काडतुसांच्या मांडणीपाशी थांबा. कुठल्या डब्यांच्या थप्प्या आहेत आणि कुठल्या खणात दोनच डबे उरलेत ते पाहा, पन्नास नगांचा भाव लिहून घ्या, त्याला चोवीसने गुणा. तो आकडा घरच्यांना दाखवता येत असेल, तरच ते कॅलिबर घ्या.