पोवळ्यांची पेटी आणि फॉस्फेट

अंगठीतले लाल पोवळे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ते एका सजीवाने रचलेले असते, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. उथळ, उबदार समुद्रात प्रवाळभित्ती उभारणारी पोवळी त्याच्याच गोत्रातली, पण निराळी. काचेच्या पेटीत खारे पाणी भरून ती वाढविण्याचा छंद परदेशांत चांगलाच रुजला आहे. आपल्या देशात कठीण पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून समुद्रातून ती काढणे हा गुन्हा होय, हे किनाऱ्यावरील वाचकांना आधीच सांगितलेले बरे. तथापि अशा पेटीतील पाण्याचे रसायन अभ्यासण्याजोगे आहे, आणि त्यात नवशिक्याची हमखास फसगत करणारा पदार्थ म्हणजे फॉस्फेट.

समुद्रातील प्रवाळभित्तीवर फॉस्फेट अत्यल्प असते. लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शांत ते मोजावे लागते. पेटीतले पाणी मात्र कोठे वाहून जात नाही. जे आत पडले ते आतच राहते. गणित करून पाहू. २०० लिटरांच्या पेटीत एक ग्रॅम कोरडे खाद्य टाकले व त्यात फॉस्फरस शेकडा १ धरला, तर तो १० मिलिग्रॅम झाला. फॉस्फरसाचा अणुभार ३१ आणि फॉस्फेटचा भार ९५. म्हणजे फॉस्फेट सुमारे ३० मिलिग्रॅम, लिटरमागे ०.१५! काही भाग मासे अंगी लावतात हे खरे. परंतु जाणते हौशी लोक ०.०३ ते ०.१ यांच्या दरम्यान माप राखू पाहतात, हे लक्षात घेतले म्हणजे एका चिमटीचे महत्त्व कळते. नळाच्या पाण्यातूनही फॉस्फेट येऊ शकते, म्हणून आरंभीच गाळून शुद्ध केलेले पाणी घेऊन त्यात क्षार मिसळतात. जुना, सुका खडक तर अधिकच फसवा. त्यातील चुनखडीने धरून ठेवलेले फॉस्फेट आठवडेच्या आठवडे पाण्यात झिरपत राहते, आणि मालक बिचारा खाद्याला दोष देत बसतो.

फॉस्फेट वाढल्याने बिघडते काय? एक तर शेवाळ माजते. दुसरे, चुन्याचे स्फटिक वाढतात त्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसते व पोवळ्याचा सांगाडा नीट रचला जात नाही. ऑस्ट्रेलियातील वन ट्री बेटाजवळ किन्सी व डेव्हिस यांनी प्रवाळभित्तीच्या एका भागाला नायट्रोजन व फॉस्फेट यांची मात्रा देऊन पाहिली. चुना साठण्याचा वेग निम्म्याहूनही खाली आला, असे त्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केले.

मग फॉस्फेट पार नाहीसे करावे काय? पुष्कळांची चूक येथेच होते. पोवळ्याच्या अंगात एकपेशी शैवल राहते व त्याला अन्न पुरवते. त्या शैवलाला फॉस्फरस हवाच. साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की, नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट तुटपुंजे अशा पाण्यात उष्णता व प्रखर प्रकाश यांपुढे पोवळी लवकर पांढरी पडतात. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे पाण्यातले फॉस्फेट ओढून घेतात, हे गंजाच्या भावंडाचे मोठेच काम. पण ते दाणे थोडे थोडे घालावे लागतात, कारण माप एकाएकी उतरले तर पोवळ्यांना ते सोसत नाही. आमच्या मते त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पोवळे आणण्यापूर्वी काही आठवडे खडक व पाणी तसेच ठेवून दर आठवड्यास माप टिपून घेणे. तेवढ्या अवधीत अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणूही खडकावर वस्ती करतात.

माप घेण्याची रीत शाळेत करून पाहता येते. अमोनियम मॉलिब्डेट, गंधकाम्ल व ‘क’ जीवनसत्त्व यांच्या योगे फॉस्फेट असलेले पाणी निळे होते. मर्फी व रायली यांनी १९६२ मध्ये या रीतीला आजचे सुटसुटीत रूप दिले. गुरुजींच्या देखरेखीखाली आम्ही ती केली, तेव्हा पहिल्या दिवशी ऊर्ध्वपातित पाणीसुद्धा निळसर झाले. नळ्या धुण्याच्या भुकटीने धुतल्या होत्या आणि त्या भुकटीतच फॉस्फेट होते. दुसऱ्या दिवशी नळ्या सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाने व नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने धुतल्या. ते पाणी स्वच्छ राहिले. रात्रभर भिजविलेल्या माशांच्या खाद्याचे पाणी मात्र दहा मिनिटांत गडद निळे झाले.