द्राक्षवेलीची अंगभूत रोगप्रतिकारशक्ती

कच्चा द्राक्षमणी चावला असता तोंडाला तुरट चव येते. हिरडा व बाभळीची साल यांतही असाच तुरटपणा असतो व त्यामुळेच कातडी कमावण्यासाठी त्यांचा उपयोग होत आला आहे. या तुरट द्रव्यांना टॅनिन म्हणतात. प्रथिनांशी संयोग पावणे हा त्यांचा मुख्य गुणधर्म होय. बुरशी ज्या विकरांच्या साहाय्याने वनस्पतीच्या पेशीभित्तिका विरघळविते, ती विकरेही प्रथिनेच असल्याने टॅनिनामुळे निष्प्रभ होऊ शकतात. करड्या बुरशीचा शिरकाव कोवळ्या मण्यात झाला तरी ती बहुधा सुप्त राहते व मणी पिकू लागल्यावर उचल खाते. कच्च्या मण्याच्या सालीतील टॅनिनाचा यात वाटा असावा, असे मानले जाते.

टॅनिन हे वेलीचे आधीपासून सज्ज असलेले शस्त्र होय. दुसरे शस्त्र ती रोगाचा हल्ला झाल्यावर घडविते. रोग वा इजा झालेल्या पानांत रेस्वेराट्रॉल हे द्रव्य तयार होते, असे लँगकेक व प्राइस या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. प्रतिकारक्षम वेलीत यापासून अधिक जहाल बुरशीनाशक द्रव्ये त्वरेने बनतात; रोगास बळी पडणाऱ्या वेलीत मात्र ही क्रिया मंद असते.

मग आपल्या बागा केवड्यास बळी का पडतात? याचे उत्तर इतिहासात आहे. केवडा मूळचा अमेरिकेचा. तेथील रानवेली त्याच्या सहवासात वाढल्या व तगल्या. युरोपीय वेलीस मात्र तो अपरिचित होता. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला आणि तेथील मळे उजाड होऊ लागले. अखेर १८८५ मध्ये मिलार्दे यांनी मोरचूद व चुना यांच्या बोर्डो मिश्रणाचा उपाय प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश व सोनाका हे वाण याच युरोपीय कुळातील आहेत. डॉगरिज हा अमेरिकन खुंट क्षार व अवर्षण सोसण्यास साहाय्य करतो. परंतु त्यावर कलम केलेल्या वाणाच्या पानांना त्यामुळे केवड्यापासून अभय मिळते, असे समजू नये.

तात्पर्य, वेलीची अंगभूत शक्ती खरी असली तरी अपुरी आहे. बागाईतदारांनी ती निदान क्षीण होऊ देऊ नये. नत्राचा अतिरेक केल्यास वाढ लुसलुशीत होऊन रोगास आमंत्रण मिळते. दाटी विरळ केल्याने घडांस ऊन व वारा मिळतो, दव लवकर सुकते आणि ऊन मिळालेली सालही अधिक कणखर बनते. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट, फुलोरा व मणी धरण्याचा काळ सर्वांत नाजूक असतो. याच सुमारास अवकाळी पाऊस झाल्यास वर्षाचे पीक हातचे जाऊ शकते. म्हणून संरक्षक फवारणी रोग दिसण्यापूर्वीच, शिफारशीनुसार करावी. योग्य वेळी केलेली एक फवारणी नंतरच्या अनेक फवारण्यांचा खर्च वाचविते.