सव्वाचार गुंठे

मायबापहो, दिवेलागणीला आपल्या पोरी कुठं असतात, ते एकदा बघा. पोरं लगेच सापडतील. रस्त्याच्या कडेला, दगडाचे स्टंप मांडून. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला की आरडाओरडा करत बाजूला होतात, तो गेला की पुन्हा रस्त्यावर. पोरी मात्र उंबऱ्यात, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. खेळ बघतात.

खेड्यात कशाला पाहिजे बाग न् मैदान, सगळं रानच तर आहे, असं मीही म्हणायचे. पण दिंद्रुड काय, माजलगाव तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव काय, रान म्हणजे कुणाचं तरी शेत. कापसात खेळता येत नाही, उसात तर आपणच जाऊ देत नाही. आम्ही सारवलेल्या खळ्यावर लंगडी घातली. आता मळणीयंत्र शेतातच काम उरकतं. खळं गेलं आणि आमचं मैदानही त्याच्याबरोबर गेलं. ते कुणी हिसकावलं नाही, म्हणून कुणी बोंबही मारली नाही. उरला पार. पण तिथं बापे बसतात, वयात आलेली पोर तिथून खाली मान घालून जाते.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते कारखान्यांवर निघाले की कित्येक लेकरं आजीजवळ राहतात. पोर नजरेसमोर हवी, एवढंच आजीचं म्हणणं. त्यात तिचं काय चुकलं? तिची नजर पुरेल अशी जागाच नाही, म्हणून ती हातात मोबाईल देते. मग डोळ्यांचं काय? तैवानमध्ये लहान मुलांना भराभर चष्मे लागू लागले, तेव्हा तिथल्या सरकारनं २०१० पासून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर उजेडात नेण्याचा कार्यक्रम शाळांतून सुरू केला. वर्षानुवर्षं चढत आलेलं चष्म्यांचं प्रमाण पुढे खाली वळलं. आपल्याकडे उजेडाला काय तोटा!

तोटा खेळणाऱ्या पोरींचाही नाही. आपल्या केज तालुक्यातल्या कळमअंब्याची प्रियंका इंगळे आठवते ना? जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, त्या भारतीय महिला संघाची कर्णधार. मुळं आपल्या मातीतली, पण खेळ वाढला तो पुण्याकडच्या मैदानांवर. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. आपल्या हिशेबानं सव्वाचार गुंठे. भोवती पळायला थोडी जागा सोडा, दोन खांब रोवा, फक्कीनं रेघा मारा. झालं.

आणि जागा नाही असं नसतं. तिच्यावर उकिरडे असतात, कडब्याच्या गंजी असतात, उभ्या ट्रॉल्या असतात. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढून ती गावाच्या वापराला परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्येच जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना बजावलंय. मात्र हे हत्यार भूमिहीनाच्या खोपटावर उगारू नका. त्या निकालानंही भूमिहीनांना दिलेल्या जमिनींसाठी वाट ठेवली आहे. आधी आपल्याच ट्रॉल्या हलवा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथं नालीबरोबर हाही विषय मांडा.

इकडच्याच एका गावात शाळेच्या मैदानाला संध्याकाळी कुलूप असायचं. काचा फुटतात, दारुडे बसतात, अशी कारणं. खोटी नव्हती. शेवटी किल्ली दोघी बायांनी अंगावर घेतली. पहिले आठ दिवस सगळं मैदान पोरांनीच व्यापलं. मग पाच ते सहा फक्त पोरींचं, असं ठरवावं लागलं. त्यावर कुरकुर झाली, घरोघरी झाली. बाया शेंगा फोडायच्या निमित्तानं लिंबाखाली बसू लागल्या, तेव्हा कुठं पोरी आल्या.

त्यातली एक कडेवरच्या भावासकट आली होती. बराच वेळ खांबाला टेकून उभी. मग भावाला आजीच्या मांडीत टाकलं, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि पळाली. आजी हाका मारत राहिली, मग नुसतीच बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी आजी बसायला पोतं घेऊन आली.