शंका-समाधान : पदवी झाली, आता एम.ए., एम.एस्सी. कुठे?

या खेपेच्या पत्रांत विश्रामबाग आणि आसपासची पत्रं जास्त आहेत. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचं, वालचंद अभियांत्रिकी १९४७ सालचं, शिवाय सांगली-मिरजेची बाकीची कॉलेजं. या पट्ट्यातून दर उन्हाळ्यात मोठी तुकडी पदवी घेऊन बाहेर पडते आणि जून उजाडला की सगळ्यांना एकच प्रश्न पडतो. पण जूनमध्ये प्रवेशाच्या निम्म्या वाटा बंद झालेल्या असतात, म्हणून ही उत्तरं आत्ताच देतो आहे.

प्रश्न : मी विश्रामबागला बी.एस्सी. करते आहे, विषय रसायनशास्त्र. तीन वर्षांनी बाहेर पडून एम.एस्सी.ला जावं की नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष करावं? मला प्राध्यापक व्हायचं आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नाही.
– एक विद्यार्थिनी, विश्रामबाग

उत्तर : आधी वर्षांचा हिशेब करू. तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, एम.एस्सी. हातात पडायला पाचच वर्षं लागतात. त्यामुळे ‘वर्ष वाचतं’ किंवा ‘वर्ष वाया जातं’ असं कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नकोस. प्रश्न एवढाच, की ते चौथं वर्ष तू कुठल्या प्रयोगशाळेत आणि कोणाच्या हाताखाली काढणार.

चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. एक साधं ऑनर्स, दुसरं संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम शिक्षक असावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणारा विद्यार्थी पीएच.डी.च्या प्रवेशालाही पात्र ठरतो. पण तुला प्राध्यापक व्हायचं आहे. त्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही वाट धरूनच तयारी कर. तुझ्या विषयाची नेट सीएसआयआरच्या नावाने होते आणि सेट महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. म्हणजे एम.एस्सी. तुला करायचीच आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. तुझ्या कॉलेजात मान्यताप्राप्त मार्गदर्शक असतील, उपकरणं चालू असतील आणि तुझे गुण ७५च्या वर असतील, तर चौथं वर्ष कर. यातलं एकही नसेल तर तीन वर्षांवर थांब आणि चांगल्या विभागात दोन वर्षांची एम.एस्सी. घे. नव्या प्रयोगशाळेत रुळायलाच पहिलं सत्र जातं. एका वर्षाच्या एम.एस्सी.त तेवढी सवड मिळत नाही.

आता चांगला विभाग ओळखायचा कसा? नव्या रचनेत दोन वर्षांची एम.एस्सी. ८८ क्रेडिटची आहे. पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचे चार, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे चार, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाचे चार आणि सहा मिळून दहा. हे दहा क्रेडिट विभागागणिक वेगळे असतात. वर्गात जे शिकवतात ते बरंचसं सगळीकडे सारखंच, प्रकल्पात मात्र विभागाचा खरा कस दिसतो.

तेव्हा एक दिवस काढ आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जाऊन ये. सांगलीहून पन्नास किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. रसायनशास्त्र विभागात गेल्या वर्षीचा एखादा बांधलेला प्रकल्प पाहायला माग. प्रस्तावना सोडून दे, ती बहुधा पुस्तकातूनच उतरवलेली असते. थेट प्रयोगाच्या प्रकरणावर जा. आलेख कुठे काढले आहेत? त्याच आवारात, की नमुने बाहेर पाठवून? पदार्थ किती वेळा करून पाहिला? फसलेला प्रयत्न लिहिला आहे का? मग दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार, की यंत्राला तुम्ही स्वतः हात लावता, की कोणीतरी कागद आणून देतं? तासाभरात तुला जे कळेल ते कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही.

आयआयटीत एम.एस्सी. किंवा आयसरमध्ये एम.एस्सी.-पीएच.डी. एकत्र करायची इच्छा असेल तर ‘जॅम’ ही परीक्षा द्यावी लागते. ती फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात. तिसऱ्या वर्षाला असतानाच ती देता येते. पुण्याची आयसर तुझ्यापासून काही तासांवर आहे. फी आणि राहणं परवडेल का, हा विचार आधीच करून अर्ज टाळू नकोस. तिथल्या एकत्रित पीएच.डी.ला विद्यावेतन मिळतं.

प्रश्न : मुलगी गणितात बी.एस्सी. होईल. एम.एस्सी.साठी कोल्हापूरला विद्यापीठातच जायचं म्हणते. इथे सांगलीतल्या कॉलेजात एम.एस्सी. होत असताना वसतिगृहाचा खर्च कशाला? पदवी तर एकाच विद्यापीठाची. आमची दोन एकर हळद आहे.
– एक पालक, बुधगाव

उत्तर : तुमचा मुद्दा रास्त आहे. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात केलं काय किंवा विद्यापीठाच्या आवारात केलं काय, पदवी शिवाजी विद्यापीठाचीच मिळते. गणिताला उपकरणं लागत नाहीत, त्यामुळे रसायनशास्त्रासाठी वर जे सांगितलं ते इथे तेवढं लागू नाही. गणिताला लागतात शिकवणारी माणसं आणि सोबत गणितं सोडवणारी चार मुलं.

म्हणून कॉलेजात जाऊन दोन गोष्टी विचारा. एम.एस्सी.ला शिकवणारे कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? वर्ग अनुदानित आहे की विनाअनुदानित? तासिकेवरचे शिक्षक कमी शिकवतात असं मी मुळीच म्हणत नाही, त्यांच्यात उत्तम माणसं आहेत. पण ती वर्षाच्या मधेच बदलतात आणि वास्तव विश्लेषणासारखा विषय अर्ध्यावर माणूस बदलून शिकता येत नाही. शिवाय विनाअनुदानित वर्गाची फी विद्यापीठातल्या फीपेक्षा जास्त असू शकते. ती फी आणि रोजचा प्रवास एकीकडे, विद्यापीठाची फी आणि वसतिगृह दुसरीकडे, असा हिशेब कागदावर मांडा. फरक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी निघण्याची शक्यता आहे.

मुलगी विद्यापीठाचं नाव घेते आहे त्यालाही कारण आहे. तिथलं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आणि संख्याशास्त्र, संगणकशास्त्र हे शेजारचे विभाग गणिताच्या विद्यार्थ्याला मोठा आधार आहेत. आज गणिताच्या मुलांना नोकऱ्या मिळतात त्या बहुतेक या दोन विषयांच्या सीमेवर. तिथे ‘कमवा व शिका’ योजनाही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारा जिल्ह्यातून जी रीत घालून दिली तीच ही. अर्ज वेळेत करायला सांगा.

सवलतींबद्दल. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आहे. तुमची दोन एकर त्यात बसते, पण ती तुमच्या मुलीच्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे महाडीबीटीच्या संकेतस्थळावर तपासा. मुलींना शंभर टक्के फी माफ, असं तुम्ही ऐकलं असेल. जुलै २०२४चा तो निर्णय केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जाणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, तोही ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना. एम.एस्सी. गणिताला ती माफी धरून चालू नका. एम.सी.ए. हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. मुलीला संगणकाकडे वळायचं असेल तर त्याची सीईटी तिने जरूर द्यावी.

कोल्हापूर तुमच्या घरापासून दोन तासांच्या आत आहे. मुलीची इच्छा असेल तर पाठवा.

प्रश्न : इतिहासात बी.ए. करतोय. एम.ए. इतिहास करून काय होणार, असं सगळे म्हणतात. मला पुरातत्त्व आवडतं, पण पदवीला तो विषयच नव्हता.
– एक विद्यार्थी, तासगाव

उत्तर : पदवीला विषय नसला तरी अडत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. मूळ संस्था १८२१ सालची आणि १९३९ पासून ती निव्वळ पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची. ह. धी. सांकलिया तिथे होते. घोड नदीकाठच्या इनामगावचं उत्खनन तिथल्याच मंडळींनी केलं. या विषयाचं शिक्षण उन्हात होतं. खड्ड्याची भिंत खरवडून मातीचे थर वेगळे ओळखायचे, खापराच्या तुकड्यांवर शाईने क्रमांक घालायचे. हे महिनोन् महिने आवडीने करता येईल का, हे आधी स्वतःला विचार.

दुसरी वाट मला तुझ्यासाठी जास्त जवळची वाटते. तू मिरजेच्या शेजारचा आहेस. वासुदेवशास्त्री खरे मिरजेत शाळामास्तर होते. त्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातले कागद वाचून, निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक आजही त्यावाचून पुढे सरकत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात आजही मोडीतले कागद वाचकाची वाट पाहत आहेत. मोडी वाचणारी माणसं कमी आणि कागद फार. एम.ए. कोल्हापूरला कर, पण त्याबरोबर मोडी शीक. नुसती ओळख पुरणार नाही, अठराव्या शतकातला घाईत लिहिलेला हिशेबी कागद सरळ वाचता आला पाहिजे. मोडीसोबत फारसी आली तर तुझ्यासारखा दुसरा शोधावा लागेल.

दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ किंवा हैदराबाद विद्यापीठ मनात असेल तर सीयूईटी-पीजी ही एकच परीक्षा आहे. तिचे अर्ज पदवीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी भरून होतात.

प्रश्न : वय ३८, विश्रामबागला बँकेत नोकरी. मराठीत एम.ए. करायची इच्छा अनेक वर्षांची आहे. बाहेरून केलेल्या एम.ए.ला किंमत असते का? पुढे नेट देता येईल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, जरूर करा. मान्यताप्राप्त दूरशिक्षणातून मिळालेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे आयोगाने स्पष्ट केलेलं आहे. अट एकच. ज्या वर्षी तुम्ही प्रवेश घेता त्या वर्षी त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता असली पाहिजे. ती यादी स्वतः पाहा, प्रवेश देणाऱ्या माणसाच्या तोंडी शब्दावर राहू नका. तुमच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र हे दोन्ही पर्याय पाहण्यासारखे आहेत.

नेटचं म्हणाल तर सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची मर्यादा नाही. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला मात्र आहे. ती ३० वर्षांची आणि महिलांना पाच वर्षांची सूट, त्यामुळे ती तुम्हाला मिळणार नाही. पण २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशालाही धरतात, तो दरवाजा उघडा आहे. एम.ए.ला ५५ टक्क्यांखाली येऊ देऊ नका. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा घात बहुधा इथेच होतो. स्वाध्याय शेवटच्या आठवड्यात उरकले जातात आणि ५३ टक्क्यांवर गाडी अडकते.

प्रश्न : मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.टेक. इथेच करू की जर्मनीला जाऊ? एक एजंट सगळं करून देतो म्हणतो.
– एक विद्यार्थी, विश्रामबाग

उत्तर : गेट देऊन ठेव. गुण तीन वर्षं चालतात आणि गेटवर एम.टेक.ला प्रवेश मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही फी सुरू केली आहे. राहण्याच्या खर्चापोटी वर्षाचे ११,९०४ युरो आधी गोठवलेल्या खात्यात भरावे लागतात. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एजंटला एकच विचार : विद्यापीठ सरकारी की खासगी? उत्तर देताना तो अडखळला तर उठून ये. अर्ज स्वतः भरता येतो, त्यात अवघड असं काही नाही.

थोडक्यात

एका वेळी दोन पदव्या चालतील का, असं तिघांनी विचारलं आहे. एप्रिल २०२२ पासून चालतात. दोन्ही वर्गात बसून करायच्या असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, नाहीतर एक दूरशिक्षणातून करावी.

पहिल्या वर्षानंतर एम.ए. सोडावी लागली तर? नव्या रचनेत पदव्युत्तर पदविका मिळते, तेवढं पदरात पडतं.

कागदपत्रांबद्दल कुपवाडहून आलेल्या पत्राला : नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जात पडताळणी त्याच्याही आधी. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं आणि त्यालाही दिवस जातात.

पुढच्या खेपेला एम.एस.डब्ल्यू., पत्रकारिता आणि ग्रंथालयशास्त्राची पत्रं घेणार आहे. लिहिताना तिसऱ्या वर्षाचे विषय, आतापर्यंतचे गुण आणि शिकून झाल्यावर नेमकं काय करायचं आहे, हे तीन तपशील कळवा. आणि यंदा तिसऱ्या वर्षाला असाल तर माझ्या उत्तराची वाट न पाहता जॅम, सीयूईटी आणि विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षांच्या तारखा आजच लिहून ठेवा.